उदासी, परदेशी बाटली आणि मात्रा

मुलगी अमेरिकेहून येताना आईसाठी ‘सेंट जॉन्स वर्ट’ची बाटली आणते. ‘झाडपाल्याचंच आहे, घे.’ आईचा प्रश्न एकच, दिवसाला किती घ्यायच्या?

युरोपात उगवणाऱ्या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचा हा अर्क. जर्मनीत डॉक्टर तो लिहून देतात. सौम्य व मध्यम उदासीनतेत प्रौढांना सर्वसाधारणपणे ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून तीन वेळा देतात. गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून मात्रा दुप्पट करू नये.

पण आईने आधी दुसरेच विचारायला हवे, माझ्या बाकीच्या गोळ्यांचे काय? या अर्कामुळे शरीर काही औषधे नेहमीपेक्षा लवकर बाहेर टाकते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, एच.आय.व्ही.ची काही औषधे लागू पडेनाशी होतात. हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांचे शरीर या अर्कामुळे नवे हृदय नाकारू लागले, अशी नोंद २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी घसरली होती. उदासीनतेच्या गोळ्या आधीच चालू असतील तर उलटा धोका. थरथर, घाम, ताप, भ्रम!

आपल्याकडे काढा-चूर्ण डॉक्टरांना सांगायची पद्धत नाही. ही बाटली मात्र पिशवीत टाकून न्यावीच. आणि जगणेच नकोसे वाटत असेल तर गोळीचा गुण येण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते.