गाठ केवढी, कुठवर पोचली?

शेतकी खात्यातल्या माणसाने बायकांच्या दुखण्यावर कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल. पण आमच्या थोरल्या वहिनी पाळी जाऊन सहा वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागले, तरी वर्षभर गप्प राहिल्या. आधी खुरपणी, मग काढणी, मग दिवाळी. शेवटी दवाखान्यात नेले. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला. “वाचतील का?” आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, “गाठ केवढी आणि कुठवर पोचली ते आधी पाहू द्या.”

सारे त्यावरच असते. गाठ त्या तोंडापुरतीच आणि दोन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे हरभऱ्याच्या घाट्याएवढी असली, तर रोगी बरा होण्याची आशा मोठी. चार सेंटिमीटरच्या पुढे, लिंबाहून मोठी झाली की बहुधा शस्त्रक्रिया टाळून किरणांचे उपचार करतात. बाजूला पसरून ती कमरेच्या हाडापर्यंत गेली, लघवीची नळी दाबून मूत्रपिंड सुजले, की तिसरी पायरी. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ना? तशाच गाठी पोटात खोल असतात. रोग त्यांत शिरला, तर मूळ गाठ लहान असली तरी २०१८ पासून तिसरीच पायरी धरतात.

वहिनींचे मूत्रपिंड सुजले होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने अशाच पायरीच्या ८५० बायकांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. किरणांबरोबर दर आठवड्याला औषध दिलेल्यांपैकी शंभरात ५४ पाच वर्षांनी हयात होत्या, नुसत्या किरणांवर ४६. वहिनी त्या चौपन्नांत नव्हत्या.

मला चुटपुट लागते ती दुसऱ्याच अभ्यासाची. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या सव्वा लाखाहून अधिक बायका अभ्यासात घेतल्या होत्या. ज्या गटाची या रोगाच्या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यात पुढे गेलेला रोग आणि मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले.

संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी गेल्यावर लाल जाणे, घाण वासाचे पांढरे जाणे, यांतले काही असेल तर सुगी संपायची वाट पाहू नका. त्रास नसला तरी तिशीनंतर आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करा. सौम्य आम्लाचा बोळा लावून पाहतात, काही मिनिटांचे काम. आणि बंधूंनो, त्या दिवशीची धार तुम्ही काढा.