पेनिसिलिन ओळखणारी खाच

विश्रांतवाडीतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात अमॉक्सिसिलीनची कॅप्सूल मिळते. घसा धरला, दाढ सुजली, कानात पू झाला की डॉक्टरांच्या चिठ्ठीत तिचं नाव हमखास दिसतं. बुरशी मात्र अमॉक्सिसिलीन तयार करत नाही. टाकीत पेनिसिलियम बुरशी वाढवली की हाती येतं ते पेनिसिलिन जी किंवा पेनिसिलिन व्ही. त्या रेणूचा एक भाग तोडायचा, उरलेल्या गाभ्याला नवा भाग जोडायचा, तेव्हा कुठे अमॉक्सिसिलीन किंवा अँपिसिलीन बनतं. तोडण्याचं काम आता मुख्यतः एन्झाइमकडे असतं, आणि ही एन्झाइम्स आपला रेणू नेमका कसा ओळखतात हे उलगडण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे.

पुण्यात पेनिसिलिन तसं जुनं. विश्रांतवाडीहून खडकी, दापोडी ओलांडून मुंबई रस्त्याला लागलं की पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 मध्ये ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाषाण रस्त्यावर, 1950 पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. सगळे तिला एनसीएल म्हणतात. पुढची गोष्ट तिथली.

पेनिसिलिनच्या गाभ्यात चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. जिवाणूंची भिंत बांधली जाऊ न देण्याची ताकद या कड्यात आहे, पण ते फार नाजूक. बाजूला जोडलेला भाग तोडायचा तर तिथला बंध बळकट, आणि कड्यातला बंध कमकुवत. साध्या रसायनांनी तोडायला गेलं तर नको तेच आधी तुटतं. म्हणून जुन्या रासायनिक पद्धतीत सगळं मिश्रण उणे 40 अंशांपर्यंत थंड करून त्यात फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी दाहक द्रव्यं वापरावी लागत. पेनिसिलिन अ‍ॅसायलेज हे एन्झाइम तेच काम साध्या पाण्यात, शरीराच्या तापमानाच्या आसपास करतं आणि कड्याला हातही लावत नाही. उलट औषधाला दाद न देणारे जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम सोडतात, ते नेमकं कडंच फोडतं आणि औषध निकामी होतं. रेणू तोच, पण दोन एन्झाइम्स त्याचे दोन वेगवेगळे बंध तोडतात.

हे ठरतं कुठे? एन्झाइम म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची घडी घातलेली साखळी. प्रत्यक्ष बंध तोडतात त्यातली मोजकी. ई. कोलाय जिवाणूच्या पेनिसिलिन जी अ‍ॅसायलेजमध्ये मुख्य काम एका साखळीच्या अगदी सुरुवातीला बसलेलं सेरीन करतं. त्याच्या शेजारी पाण्याला दूर ठेवणारी एक खाच आहे आणि पेनिसिलिन जीच्या बाजूच्या भागातलं सहा कार्बनांचं कडं तिच्यात नीट बसतं. पेनिसिलिन व्हीमध्ये त्या कड्याला लागून फक्त एक ऑक्सिजन अणू जास्त असतो, पण तेवढ्यानेही बैठक बिघडते आणि हे एन्झाइम त्याच्यावर फारच कमी चालतं. रेणूच्या उरलेल्या भागाबद्दल मात्र ते फारसं काटेकोर नाही. त्यामुळेच कारखान्यांना त्याच्याकडून पेनिसिलिनखेरीज इतर औषधांचीही कामं करून घेता येतात.

पेनिसिलिन व्ही आवडीने तोडणारी एन्झाइम्स वेगळी. त्यांतल्या बॅसिलस स्फेरिकस जिवाणूच्या एन्झाइमची रचना एनसीएलमधील सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, एच. शिवरामन आणि ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केली. इथे साखळीच्या सुरुवातीला सेरीनऐवजी सिस्टीन निघालं. त्यापुढचं आश्चर्य 2006 मधलं. आपल्या आतड्यात राहणारा बायफिडोबॅक्टेरियम लाँगम हा जिवाणू पित्तातले क्षार तोडतो. त्याच्या एन्झाइमची रचना याच गटांनी पाहिली, तर घडी जवळजवळ तीच आणि सुरुवातीला सिस्टीनही तसंच! एक एन्झाइम औषधाचा रेणू तोडतं, दुसरं पित्ताचा, आणि दोघांचा पूर्वज एकच. फरक मुख्यतः खाचेत आणि तिच्याभोवतीच्या साखळीच्या वळशांत आहे.

बटाट्याचं खोड काळं पाडून कुजवणाऱ्या पेक्टोबॅक्टेरियम जिवाणूमध्येही याच कुळातलं एन्झाइम आहे. एनसीएलच्या 2016 च्या अभ्यासात त्याची खाच आधीच्यांपेक्षा बरीच वेगळी दिसली. तिथल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या दोन जागा, साखळीतली 23 वी आणि 87 वी, कामाच्या वेगासाठी आणि निवडीसाठीही महत्त्वाच्या ठरल्या. मुळात बटाट्यावरच्या जिवाणूला पेनिसिलिन तोडून काय मिळणार, हा प्रश्न पडतोच. पुढच्याच वर्षी त्याचं एक उत्तर मिळालं: या प्रकारची एन्झाइम्स जिवाणू एकमेकांना इशारा द्यायला जे रेणू सोडतात तेही तोडतात. पेनिसिलिन हे त्यांचं खरं लक्ष्य नसावं, असं मानायला त्यामुळे चांगला आधार मिळतो.

रेणू खाचेत नेमका बसतो ही कल्पना तशी जुनीच. एमिल फिशर यांनी 1894 मध्ये एन्झाइम आणि रेणू यांना कुलूप-किल्लीची उपमा दिली आणि ती अजून शाळेच्या पुस्तकांत आहे. पण 1958 मध्ये डॅनियल कॉशलंड यांनी मांडलं की रेणू आत येताना एन्झाइमही आपला आकार थोडा बदलतं. आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन या जोडीने तर आणखी एक धडा दिला. दोघांची बंध तोडण्याची यंत्रणा एकच. ट्रिप्सिनच्या खाचेच्या तळाशी, 189 व्या जागी, ऋणभारित अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं, म्हणून ते लायसीन किंवा आर्जिनीन या धनभारित अमिनो आम्लांपाशी प्रथिनाची साखळी तोडतं. कायमोट्रिप्सिनमध्ये तिथे सेरीन असतं. मग ट्रिप्सिनमध्ये तेवढं एक अमिनो आम्ल बदललं की कायमोट्रिप्सिन व्हायला हवं! तसं झालं नाही. रेणूला स्पर्शही न करणारे पृष्ठभागावरचे वळसे बदलल्यावरच नवी निवड जमली, हे अमेरिकेतल्या लिझबेथ हेडस्ट्रॉम आणि विल्यम रटर यांच्या गटाने 1992 मध्ये दाखवलं. खाच दुरून कशी सांभाळली जाते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं शोधावं लागेल.

औषधाच्या कारखान्यात हे ज्ञान थेट उपयोगी पडतं. पेनिसिलिन अ‍ॅसायलेज तोडतं तसं जोडतंही. गाभ्याला नवा भाग लावून अँपिसिलीन करायलाही ते चालतं. अडचण एवढीच की तयार झालेलं अँपिसिलीन ते पुन्हा तोडत बसतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात संशोधकांनी खाचेतल्या 24 व्या जागेचं फिनाइलअ‍ॅलानीन काढून तिथे छोटं अ‍ॅलानीन बसवलं, तेव्हा जोडण्याचं काम सुधारलं आणि तयार मालाची नासाडी कमी झाली.