पुरात भिजलेल्या जुन्या गाडीचे अंतरंग जपताना

बदलापूर : उल्हास नदीच्या जुलै २००५ आणि जुलै २०१९मधील पुरांनी बदलापूर परिसर जलमय केला होता. अशा पाण्यात जुनी फियाट वा प्रीमियर पद्मिनी सापडल्यास इंजिनाइतकीच काळजी आतील सजावटीचीही घ्यावी लागते. ओलाव्याने दरवाजांचे हार्डबोर्ड फुगतात, आसनांच्या स्प्रिंगा गंजतात, गालिच्याखालचा पत्रा पोखरला जातो. त्यामुळे प्रथम आसने व गालिचे काढून पत्रा पूर्ण कोरडा करणे आवश्यक ठरते. फाटलेले रेक्झिन मात्र फेकू नये. शिवण उसवून ते सपाट केल्यास नवे आवरण बेतण्यासाठी तोच नमुना ठरतो.

२०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीलाच ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. तेव्हा चकचकीत सीट कव्हरचा मोह टाळलेलाच बरा.