न उडालेले अग्निबाण

उपग्रह कक्षेत सोडून आलेला जुना अग्निबाण संग्रहालयात ठेवता येत नाही. त्याचे खालचे टप्पे जळून समुद्रात किंवा ओसाड माळावर कोसळतात. संग्रहालयात उभा असतो तो बहुधा त्याचा न उडालेला भाऊ किंवा प्रतिकृती.

लंडनच्या सायन्स म्युझियममधला ‘ब्लॅक अ‍ॅरो’ असाच. ब्रिटनने जुलै 1971 मध्ये हा प्रकल्प गुंडाळला. तरीही तयार असलेल्या आर-3 ने 28 ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून 66 किलोंचा ‘प्रॉस्पेरो’ उपग्रह कक्षेत नेला. पुढचा आर-4 उडालाच नाही, म्हणून आज तो पाहता येतो.

आपला पहिला उपग्रह प्रक्षेपक एसएलव्ही-3. उंची 22 मीटर, वजन 17 टन, चार टप्पे, चारही घन इंधनाचे. केरळातल्या थुंब्याच्या जुन्या सेंट मेरी मॅग्डलीन चर्चमधल्या अंतराळ संग्रहालयात इस्रोच्या प्रक्षेपकांच्या प्रतिकृती आहेत. पण प्रतिकृतीत दिसते ते कवच. वजनाचा मोठा वाटा इंधनाचा होता आणि खरी करामतही तिथेच होती.

हे इंधन घडवण्यात पुण्यात जन्मलेल्या वसंत गोवारीकरांचा वाटा फार मोठा. बर्मिंगहॅमला डॉक्टरेट केलेले हे रसायन अभियंते 1967 मध्ये थुंब्याला आले. अमोनियम परक्लोरेट आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी चिकट बहुवारिकात कालवायची, मिश्रण कवचात ओतायचे आणि रबरासारखे घट्ट होईपर्यंत ठेवायचे. मधोमध पोकळी राखायची. ज्वलन तिथून बाहेरच्या दिशेने सरकते. आत तडा राहिला तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि कवच फुटू शकते. एकदा पेटले की ते विझवताही येत नाही. संग्रहालयांनी घन इंधनाच्या अशा मोटरचा आडवा छेद जरूर मांडावा. उंच कवचापेक्षा तो मुलांना कितीतरी जास्त शिकवील.

एसएलव्ही-3 च्या 10 ऑगस्ट 1979 च्या पहिल्या उड्डाणात मात्र घन इंधनाने दगा दिला नाही. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या झडपेतून नायट्रिक आम्ल गळाले आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. 18 जुलै 1980 ला अब्दुल कलामांच्या चमूने 35 किलोंचा ‘रोहिणी’ कक्षेत पोहोचवला. तेव्हा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक गोवारीकरच होते.

एसएलव्ही-3 च्या पहिल्या टप्प्यात सुमारे 9 टन घन इंधन मावत असे. आजच्या एलव्हीएम-3 च्या दोन बूस्टरपैकी एकेकात सुमारे 200 टन भरतात.