लट्टलूरचे बंड आणि रयतेचा हिशेब

लातूर व नांदेड या जिल्ह्यांतील लोकांस राष्ट्रकूटांचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. इ. स. ८६६ च्या शिरूर येथील शिलालेखात सम्राट अमोघवर्षास 'लट्टलूरपुरपरमेश्वर' असे बिरुद लाविले आहे. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे डॉ. अ. स. आळतेकर प्रभृती इतिहासज्ञांचे मत आहे. कंधारचे नावही पुढे तिसऱ्या कृष्णाच्या बिरुदांत शिरले. परंतु ज्या बंडातून हे साम्राज्य जन्मास आले, त्या बंडाने सामान्य रयतेच्या पदरात काय टाकिले, हा प्रश्न आमच्या अभिमानी मंडळींपैकी कोणी विचारीत नाही. तो आज आम्ही विचारतो.

बंड करणारा पुरुष दंतिदुर्ग. तो बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक होता आणि वेरूळच्या ताम्रपटात स्वतःस महासामंताधिपती म्हणवितो. त्याची आई भवनागा ही चालुक्य कुळातलीच राजकन्या. खेटक येथे इंद्रराजाने तिच्याशी राक्षसविधीने विवाह केला, असे संजानचा ताम्रपट सांगतो. म्हणजे धनी आणि चाकर यांच्यात नातेही होते आणि वैरही होते. शक ६७५, म्हणजे इ. स. ७५३-५४ च्या सामानगडच्या ताम्रपटात दंतिदुर्गाची फत्ते वर्णिली आहे. कांची, केरळ, चोल, पांड्य आणि श्रीहर्ष यांस नमविणारी कर्णाटकाची सेना त्याने मोजक्या सेवकांनिशी जिंकिली, असे त्यात म्हटले आहे. विजेत्याच्या कैफियतीत विजय एका झटक्यात होत असतो. प्रत्यक्षात चालुक्यराज दुसरा कीर्तिवर्मा इ. स. ७५७ मध्ये भीमेच्या तीरी तळ देऊन दानपत्रे देत होता. त्याचा शेवट दंतिदुर्गाचा चुलता पहिला कृष्ण याने केला. वेरूळचे कैलास लेणे याच कृष्णाच्या कारकीर्दीचे.

आता हे दस्तऐवज वकिलाच्या दृष्टीने वाचून पाहावे. त्यांत वंशावळ आहे, पराक्रम आहे, दान आहे. दंतिदुर्गाच्या मातेने चार लक्ष गावांत गावोगाव भूमिदान केले, असा भव्य दावाही आहे. सारा किती घ्यावा, अन्याय झाल्यास दाद कोठे मागावी, यासंबंधी मात्र नव्या धन्याने स्वतःस बांधून घेतलेले एकही कलम त्यांत नाही.

आठव्या शतकाच्या राजास आजचे माप लावणे अन्यायाचे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर आम्ही त्याहूनही जुन्या काळातून देतो. आर्मेनिया देश इराणच्या सासानी बादशहांच्या अंमलाखाली होता आणि तेथील ख्रिस्ती लोकांवर राजधर्म लादण्यात येत होता. त्याविरुद्ध लढताना इ. स. ४५१ मध्ये वर्दान मामिकोनियन हा सरदार अवरायरच्या रणात पडला. पुढे इ. स. ४८१ च्या सुमारास त्याचा पुतण्या वाहान उठला. इ. स. ४८४ मध्ये बादशहा पेरोझ हूणांशी लढता लढता मारला गेला आणि नव्या बादशहाने नवार्सक येथे तह केला. वाहानने सिंहासन मागितले नाही. त्याने तीन अटी घातल्या. धर्माची मोकळीक असावी व धर्म बदलल्याबद्दल कोणास मान देऊ नये. माणसाची पारख योग्यतेवरून करावी. आणि बादशहाने चहाडखोरांच्या नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे व स्वतःच्या कानांनी ऐकावे. वाहानही सरदारच होता. त्याच्या अटींत सरदारांचे हित होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पहिली अट झोपडीतल्या माणसापर्यंत पोहोचत होती.

दंतिदुर्ग स्वतःच राजा झाला. मग अटी कोणी कोणास घालाव्या? चाकर धनी झाला, पण धनी-चाकरीची रीत जशीच्या तशी राहिली. तिचे फळ इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूटांनीच चाखिले. त्यांचाच मांडलिक तैलप उलटला आणि दुसऱ्या कर्काचे राज्य त्याने घेतले. ज्या वाटेने राज्य आले, त्याच वाटेने ते गेले.

हा धडा मराठवाड्यास परका नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली, तो दिवस आम्हांस वंदनीय आहे. तथापि लढ्याचे चीज झाले ते त्या एकाच दिवशी नव्हे. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या, १९५० मध्ये हैदराबाद राज्यात कुळांच्या हक्कांचा कायदा झाला, तेव्हा कसणाऱ्याच्या हाती दाखविता येईल असा कागद आला. कारभारी बदलला म्हणजे कारभार बदलला असे नव्हे.

लातूरच्या आडतीवरचा व्यापारी लेखी करार असल्याखेरीज मोठा व्यवहार करीत नाही. मग राज्यकारभाराचा व्यवहार मात्र तो केवळ जयजयकारावर का सोडतो? दंतिदुर्गाचे नाव अवश्य घ्यावे. परंतु जो कोणी नवा पुढारी त्याच्या नावाने मत मागावयास दारी येईल, त्यास वाहानचा प्रश्न विचारावा: आपल्या अटी कोणत्या, आणि त्यांनी आपण स्वतः बांधले जाल काय? या प्रश्नास जो सरळ उत्तर देईल त्याच्या मागे जावे. जो केवळ पूर्वजांचे पराक्रम सांगेल, त्यास नमस्कार करून निरोप द्यावा.