आउश्‌व्हिट्स छावणीसमूह

दुसऱ्या महायुद्धकाळात (१९३९–४५) नाझी जर्मनीने पोलंडच्या व्याप्त प्रदेशात उभारलेला बंदिवास, सक्तमजुरी व सामुदायिक हत्या यांचा सर्वांत मोठा छावणीसमूह. क्रेकोच्या पश्चिमेस सु. ५० किमी. वरील ओश्व्येंचिम या गावाचे आउश्‌व्हिट्स हे जर्मन नाव होय. १९३९ मध्ये हा भाग जर्मनीस जोडण्यात आला होता.

अशा सर्व स्थळांना मराठीत सरसकट छळछावणी म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ही संज्ञा अपुरी आहे. दाखाऊसारख्या छावण्यांत (स्थापना १९३३) कैद्यांची नोंद होई, त्यांना कामास जुंपले जाई आणि उपासमार, रोगराई, मारहाण व देहदंड यांमुळे ते मरत. याउलट बेल्झेत्स, सॉबीबूर व त्रेब्लिंका ही स्थळे केवळ संहारासाठी होती. तेथे आणलेले बहुतेक लोक काही तासांतच मारले जात. म्हणून प्रत्येक ठिकाणी २०–३० जर्मन आणि सु. शंभर साहाय्यक पहारेकरी एवढे मनुष्यबळ पुरत असे. आउश्‌व्हिट्स येथे हे दोन्ही प्रकार एकाच प्रशासनाखाली नांदत होते.

पहिली छावणी जुन्या लष्करी बराकींत सुरू झाली. १४ जून १९४० रोजी तारनुफच्या तुरुंगातून ७२८ पोलिश राजकीय कैदी तेथे आणण्यात आले. तेथून सु. ३ किमी. वर १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बर्केनाऊ छावणीचे बांधकाम सुरू झाले. पुढील वर्षी आय्. जी. फार्बेन या रसायन-उद्योगाच्या कृत्रिम रबराच्या कारखान्यासाठी मोनोव्हिट्स येथे तिसरी छावणी निघाली. खाणी, कारखाने व शेते यांना जोडलेल्या उपछावण्यांची संख्या चाळीसहून अधिक होती. नोव्हेंबर १९४३ मध्ये या पसाऱ्याचे तीन स्वतंत्र छावण्यांत विभाजन झाले. रूडोल्फ हस हा पहिला प्रमुख अधिकारी होता.

छावणीचा कारभार एस्. एस्. संघटनेकडे असून त्याचे विभाग ठरलेले होते : प्रमुखाचे कार्यालय, राजकीय विभाग, कैद्यांची छावणी, पुरवठा, वैद्यकीय विभाग इत्यादी. यांपैकी राजकीय विभाग गेस्टापोचा. तो आदेश घेई बर्लिनच्या सुरक्षा मुख्य कचेरीकडून. मार्च १९४२ पासून छावण्या मात्र ओस्वाल्ट पोल याच्या आर्थिक-प्रशासकीय मुख्य कचेरीखाली होत्या. पहिल्या कचेरीस ज्यूंचा नाश हवा होता, दुसरीस मजूर हवे होते. हा विरोध प्रत्यक्षात मिटे तो रेल्वेफलाटावर. गाडी रिकामी झाली की एस्. एस्. चा डॉक्टर माणसांची निवड करी. धडधाकट दिसणारे कामाकडे जात. वृद्ध, आजारी, मुले व त्यांच्या माता विषारी वायूच्या दालनांकडे. त्यासाठी वापरलेले त्सिक्लोन-बी हे मुळात कीटकनाशक असल्याने त्याची हाताळणी वैद्यकीय विभागाच्या निर्जंतुकीकरण पथकाकडे होती. त्याचे डबे रेड क्रॉसचे चिन्ह असलेल्या गाडीतून आणीत. १९४३ च्या मार्च ते जून या काळात बर्केनाऊत चार मोठी दाहगृहे कार्यान्वित झाली. त्यांच्या भट्ट्या एर्फुर्टच्या टॉफ आणि पुत्र या कंपनीने पुरविल्या.

कामाचा हिशेबही काटेकोर होता. आय्. जी. फार्बेन कंपनी एस्. एस्. ला अकुशल कैद्यामागे दररोज ३ मार्क व कुशल कैद्यामागे ४ मार्क देई. कैद्यास त्यातले काही मिळत नसे. रेल्वेखातेही या वाहतुकीचे भाडे आकारी : प्रौढांस तिसऱ्या वर्गाचे एकेरी, लहान मुलांस निम्मे. छावणीतील दैनंदिन शिस्त बव्हंशी कैद्यांकरवीच राखली जाई. बराकीचे प्रमुख व कामाच्या टोळ्यांवरील ‘कापो’ कैद्यांतूनच नेमीत आणि त्यांचे अन्न, निवारा व प्राण इतरांवरील जुलमावर अवलंबून ठेवीत. प्रेते जाळण्याचे काम ज्यू कैद्यांच्या विशेष पथकावर लादलेले होते. या पथकाने ७ ऑक्टोबर १९४४ रोजी उठाव करून एक दाहगृह निकामी केले.

नोंदणी झालेल्या सु. ४ लक्ष कैद्यांना क्रमांक मिळाले. फलाटावरून थेट मृत्यूकडे गेलेल्यांची नावे मात्र कैद्यांच्या नोंदवहीत कधीच चढली नाहीत. मृतांची संख्या ठरविणे त्यामुळेच कठीण झाले. १९४५ मध्ये सोव्हिएट आयोगाने ती ४० लक्ष सांगितली होती. फ्रांचिशेक पिपेर या पोलिश इतिहासकाराने मुख्यतः गाड्यांतून आणलेल्या लोकांच्या आकड्यांवरून हिशेब मांडून ती सु. ११ लक्ष ठरविली व आता तीच सामान्यतः ग्राह्य मानतात. यांत सु. १० लक्ष ज्यू, ७० ते ७५ हजार पोलिश, सु. २१ हजार रोमा (जिप्सी) व सु. १५ हजार सोव्हिएट युद्धकैदी होते. १९४४ च्या मे ते जुलै या अवघ्या काही आठवड्यांत हंगेरीतून चार लक्षांहून अधिक ज्यू येथे आणले गेले.

जानेवारी १९४५ मध्ये ५० हजारांहून अधिक कैद्यांना हिमवर्षावात पायी पश्चिमेकडे हाकलण्यात आले. २७ जानेवारीस सोव्हिएट सैन्य पोहोचले, तेव्हा सु. ७,००० आजारी व दुबळे कैदी मागे उरले होते. हस याला पोलिश न्यायालयाने मृत्युदंड दिला आणि १६ एप्रिल १९४७ रोजी पहिल्या छावणीतच त्यास फाशी दिले. त्याच वर्षी तेथे संग्रहालय स्थापन झाले. १९७९ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा-सूचीत समाविष्ट केले.