उपमालाशोध

एखाद्या चिन्हमालेत दुसरी लहान चिन्हमाला सलग आढळते की नाही, हे ठरविण्याची संगणकीय क्रिया. संकेतस्थळावरील शोधपेटीमागे अनेकदा हीच क्रिया असते. साध्या पद्धतीत लहान माला मोठ्या मालेच्या प्रत्येक स्थानापासून क्रमाने जुळवून पाहतात. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्नूथ–मॉरिस–प्रॅट व बॉयर–मूर या पद्धतींनी अनावश्यक तुलना टळतात. जावास्क्रिप्ट भाषेतील ‘इंडेक्सऑफ’ जुळणीचे स्थान शून्यापासून मोजून देते. आरंभीच जुळणी झाल्यास उत्तर ० येते व जुळणी नसल्यास −१ येते. ० म्हणजे ‘नाही’ असे समजणे ही नेहमीची चूक होय. २०१५ च्या प्रमाणकातील ‘इन्क्लूड्स’ थेट होकार वा नकार देते.

मराठीत आणखी अडचणी येतात. जळगाव शहरातील पिंप्राळा हे नाव युनिकोडमध्ये ९ चिन्हांचे होते. ‘पिंप्राळ्यात’ या शब्दात ते सापडत नाही; कारण सामान्यरूपात ‘ळा’चा ‘ळ्या’ होतो. ‘पिम्प्राळा’ असे लिहिल्यासही जुळणी फसते. नोंद असूनही ‘आढळली नाही’ असे उत्तर नागरिकास मिळू नये, यासाठी तुलनेपूर्वी दोन्ही माला एकाच लेखनरूपात आणून, सर्व रूपांत समान असलेला ‘पिंप्राळ’ हा अंश शोधावा लागतो.